चाळीस गुंठ्यांतले चार

स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. पण नोंदणी, पहिली सभा, आजवरचे अध्यक्ष आणि सचिव, बोअर आणि पाण्याच्या टाकीची हकिगत हे सगळं या अंकात इतरत्र आलेलं आहे. ते पुन्हा लिहिण्यापेक्षा आपल्या वसाहतीतल्या एकाच जागेचा इतिहास सांगावा असं मला वाटलं. ती जागा म्हणजे आपली ओपन स्पेस. चौदा गुंठ्यांचा हा तुकडा कुणा एकाच्या नावावर नाही, त्याचं भाडं येत नाही, ताळेबंदात त्याची किंमतही दिसत नाही. पण गेल्या २५ वर्षांत आपण सगळ्यांनी मिळून सर्वांत जास्त वापरलेली जागा तीच.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे या जागेविषयी दोन ठराव येणार आहेत. एक, अर्ध्या जागेवर पेव्हर ब्लॉक घालून पार्किंग करावं. दोन, फाटकाला कुलूप लावून ती फक्त सभासदांसाठी ठेवावी. ठराव मांडणारे माझे मित्रच आहेत आणि त्यांची अडचण खरी आहे. तरीही मत देण्याआधी ही जागा आपल्याकडे आली कुठून, हे सर्वांना, विशेषतः नव्या पिढीला माहीत असावं, म्हणून हा लेख. त्यासाठी थोडं लांबून, माझ्या जन्मगावापासून सुरुवात करावी लागेल.

साताऱ्याचा डोंगर

माझं बालपण आणि बी.कॉम.पर्यंतचं शिक्षण साताऱ्यात झालं. सातारकर माणूस गावात कुठेही उभा राहिला तरी त्याला मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो. १७०० साली औरंगजेबाने हा किल्ला घेतला आणि त्याचं नाव आझमतारा ठेवलं. पुढे तो मराठ्यांनी परत मिळवला. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी गाव वाढत गेलं. म्हणजे डोंगर आधी आणि गाव नंतर.

आता गंमत बघा. हा डोंगर मोकळा राहिला तो कुणी 'लोकांना फिरायला जागा हवी' म्हणून राखला नव्हता. तो किल्ला होता, म्हणून त्यावर वस्ती चढली नाही. यवतेश्वर आणि महादऱ्याकडचा भाग टिकला, कारण तिकडून गावाला पाणी यायचं. कासचा तलाव तर गावापासून पंचवीसएक किलोमीटर दूर. तिथून डोंगराच्या कडेकडेने पाणी शहरात आणलं गेलं. ज्या डोंगरातून पिण्याचं पाणी येतं तो उजाड करायचा नसतो, हे तेव्हाच्या माणसाला शिकवावं लागत नव्हतं. कुरणेश्वराच्या तर नावातच कुरण आहे. खिंडीतल्या गणपतीमुळे त्या बाजूची झाडी लोकांच्या पायाखालची राहिली.

देवाचा भाग आणखी एका अर्थाने महत्त्वाचा होता. साठ वर्षांपूर्वीच्या साताऱ्यात माझी आई किंवा आजी "जरा फिरून येते" असं म्हणून घराबाहेर पडू शकत नव्हती. "मंगळाईला जाऊन येते" असं मात्र म्हणू शकत होती. मंगळाईचं देऊळ किल्ल्यावर. चढायला अर्धा-पाऊण तास, वर वारा, खाली सगळं गाव, सोबत चार बायका आणि शेंगदाणे-गुळाची पुडी. चतुर्थीला खिंडीतला गणपती. आज ज्याला आपण मॉर्निंग वॉक म्हणतो तो बायकांच्या वाट्याला आधी देवदर्शनाच्या नावाने आला. पुरुषांना चार भिंतींवर जाऊन बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती. हिरवी जागा गावाजवळ असणं वेगळं आणि तिथे जाता येणं वेगळं, हा फरक मला तेव्हापासून ठाऊक आहे.

आजही पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढणाऱ्यांची रांग असते. वर जाताना हातात पाण्याची बाटली घेऊन ती वाटेतल्या रोपाला घालणारे सातारकर मी पाहिलेत. किल्ल्याचा लढाईचा उपयोग कधीच संपला. आता त्या डोंगराला जपणारी माणसं म्हणजे रोज तो चढणारी माणसं.

सांगलीची आमराई आणि घाट

बँकेत नोकरी लागली आणि १९७६ साली बदलीवर सांगलीला आलो. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की इथे मान वर करून बघण्यासारखा डोंगर नाही. सगळं सपाट, काळी माती आणि कृष्णा. डोंगर बघायचा तर मिरजेच्या पुढे दंडोबाला जायचं.

सांगलीचा मोकळा श्वास दोन ठिकाणी होता, घाटावर आणि आमराईत. थोरले चिंतामणराव पटवर्धन १८०१ च्या सुमारास मिरजेपासून वेगळे झाले आणि त्यांनी सांगलीला राजधानी केलं. गणपतीचं देऊळ, गणेशदुर्ग ही सगळी त्या संस्थानची देणगी. आमराईही संस्थानकाळातलीच. नावच सांगतं की मूळ हिशेब आंब्यांचा आणि सावलीचा. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि पुढे राजाची बाग लोकांची झाली. आज ती महापालिकेकडे आहे. आमराईत पहाटे गेलात तर निवृत्त शिक्षक, हळदीचे व्यापारी, हमाल, डॉक्टर, सगळे एकाच पायवाटेवर चालताना दिसतात. प्रतापसिंह उद्यानात एकेकाळी पिंजऱ्यांत प्राणी होते. ते बघायला खेड्यांतून माणसं यायची. आपल्यातल्या पन्नाशीच्या सभासदांना ते आठवत असेल.

विश्रामबागेकडे वस्ती सरकली तसं आणखी एक घडलं. १९१९ चं विलिंग्डन कॉलेज आणि १९४७ चं वालचंद कॉलेज यांचे मोठे आवार हे आसपासच्या लोकांचे फिरण्याचे रस्ते झाले. ती जागा विद्येसाठी घेतलेली होती, सावली मात्र शेजाऱ्यांनाही मिळाली. म्हणजे इथेही तेच, हिरवी जागा दुसऱ्याच कुठल्या तरी कारणाने राखली गेली आणि लोकांनी ती वापरून आपलीशी केली.

कायद्याने दिलेली जागा

फक्त सामान्य माणसाला बसायला, मुलांना खेळायला म्हणून जागा राखायची, ही कल्पना आपल्याकडे बरीच उशिरा आली. इंग्लंडमध्ये बर्कनहेड या गावी १८४७ साली लोकांच्या पैशातून लोकांसाठी बाग उघडली गेली. गिरण्यांच्या धुरात राहणाऱ्या माणसाला हवा पाहिजे, हा त्यामागचा विचार. आपल्या मुंबई प्रांतात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ चा, त्यानंतरचा १९५४ चा आणि सध्याचा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ चा.

या कायद्यांतून दोन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे विकास आराखड्यातली आरक्षणं, म्हणजे ही जागा बागेला, ती मैदानाला. कागदावर ती छान दिसतात. पण दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही की आरक्षण उठतं. पैसे नाहीत म्हणून संपादन नाही आणि संपादन नाही म्हणून बाग नाही, ही बहुतेक गावांची रड आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ले-आउटमधली ओपन स्पेस. साधारण एक एकराहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडायचे तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एकराचे चाळीस गुंठे. त्यातले चार. ही जागा सगळ्या प्लॉटधारकांच्या सामायिक उपयोगाची असते आणि त्यावर फारच थोडं बांधकाम करता येतं. राजाच्या मर्जीवर, देवाच्या धाकावर किंवा कॉलेजच्या उदारपणावर अवलंबून नसलेली, साध्या माणसाला हक्काने मिळालेली ही पहिली हिरवी जागा. बागेसाठी पालिकेकडे पैसे नसतील, पण हे चार गुंठे पहिल्या दिवसापासून असतात.

बँकेत मी बरीच वर्षं घरकर्जाचं टेबल सांभाळलं. कर्जाच्या फाइलला मंजूर नकाशा जोडलेला असायचा. त्यात रस्ते, प्लॉट आणि एका कोपऱ्यात हिरव्या रंगाने रंगवलेला चौकोन. त्या चौकोनाकडे ग्राहकाचं लक्ष नसायचं. तो आपल्या प्लॉटचा नंबर शोधायचा. बिल्डर माहितीपत्रकात झोपाळा आणि कारंजं छापायचा. प्रत्यक्षात तिथे खडी-वाळूचे ढीग, नंतर गवत आणि शेवटी एखादं देऊळ.

जिथे चारही गुंठे विकले गेले

सांगली-मिरजेचा इतिहास सांगताना गुंठेवारी टाळता येणार नाही. शहर वाढत होतं, मंजूर ले-आउटमधला प्लॉट परवडत नव्हता. मार्केट यार्डातला हमाल, रिक्षावाला, कारखान्यातला हंगामी कामगार यांना हवा होता एक गुंठा, फार तर दोन. शेतकऱ्याने किंवा मधल्या माणसाने शेताचे तुकडे पाडले आणि स्टॅम्पपेपरवर विकले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. बिगरशेती परवाना नाही, मंजूर नकाशा नाही, त्यामुळे बँकेचं कर्ज नाही. अशी माणसं माझ्या टेबलासमोर येऊन बसायची. पगार कमी असे, पण हप्ता बुडवणारी माणसं नव्हती ती. नियमाने कर्ज देता येत नव्हतं.

तिथे चाळीस गुंठ्यांतले चार कुणी सोडले नाहीत. चाळीसच्या चाळीस विकले गेले, रस्तेसुद्धा जेमतेम. शासनाने २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा केला, पुढे त्याची मुदतही वाढवली. घरं नियमित होऊ शकली. पण विकून गेलेली मोकळी जागा कुठल्या कायद्याने परत येणार? पावसाळ्यात शामरावनगरसारख्या सखल भागात पाणी साचून राहतं. काळी माती पाणी लवकर पीत नाही आणि पाण्याला थांबायला मोकळी जागा उरलेली नाही.

आपल्या मागच्या भिंतीपलीकडे अशीच वस्ती आहे. तिथली मुलं संध्याकाळी आपल्या ओपन स्पेसवर क्रिकेट खेळायला येतात. कुलपाचा ठराव मुख्यतः त्यांच्यामुळे आला आहे, हे आपण स्पष्ट बोलूया. आवाज होतो, चेंडू काचेवर बसतो, भांडणं होतात, हे खरं आहे. पण ती मुलं आपल्याकडे का येतात, याचं उत्तर वरच्या परिच्छेदात आहे. त्यांच्या आईवडिलांनीही जागेचे पैसे मोजले होते. त्यांच्या वाट्याचे चार गुंठे कुणीतरी विकून खाल्ले.

सागरेश्वर आणि कास

कुलूप लावावं की नाही, यावर आपल्या दोन जिल्ह्यांत दोन उदाहरणं आहेत. दोन्ही आपण सहलीला पाहिली आहेत.

पहिलं सागरेश्वर. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे, त्याच्या शेजारचे हे डोंगर. एकेकाळी अगदी बोडके. मोहित्यांचे वडगावच्या धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, वनखातं आणि गावकरी यांना बरोबर घेतलं, झाडं लावली, जगवली, हरणं आणून सोडली. १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे अभयारण्य म्हणून अगदी छोटं. पण माणसाने उभं केलेलं जंगल म्हणून त्याचं नाव सगळीकडे घेतलं जातं. तिथे कुंपण आहे आणि ते लागणारच, कारण आत हरणं आणि बाहेर उसाची शेतं.

दुसरं कास. माझ्या लहानपणी कासला जायचं म्हणजे तलावावर डबा खायला जायचं. फुलांकडे बघायचो, पण त्यांचं कौतुक करायला परगावचं कुणी येत नव्हतं. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला. त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणं होती, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. मग सप्टेंबरात गाड्यांच्या रांगा लागू लागल्या, फुलांवर लोळून फोटो निघू लागले. पठाराला तारेचं कुंपण झालं, तिकीट आलं, आसपासच्या गावांच्या समित्यांनी व्यवस्था हातात घेतली. काही वर्षांनी अभ्यासक सांगू लागले की कुंपणामुळे गुरांचं चरणं थांबलं, गवत माजलं आणि फुलांना जागा कमी पडू लागली. शेवटी कुंपण काढण्यात आलं. नियम राहिले, राखणदार राहिले, तार गेली.

यातून मी एवढंच घेतो की जागा जपायची म्हणजे आधी तिचा वापर समजून घ्यायचा. कासच्या फुलांना गुरं लागत होती. आपल्या ओपन स्पेसला मुलं लागतात. खेळ थांबला की तिथे काय होतं, ते २००३ ते २००५ या काळात आपण बघितलं आहे. तेव्हा आपली मुलं लहान होती आणि बाहेरची मुलं येत नव्हती. कमरेएवढं गाजरगवत, बांधकामाचा राडारोडा आणि दोनदा निघालेला साप. जागा साफ झाली ती मुलांनी पिच आखलं तेव्हा.

आपले चौदा गुंठे

आता हिशेब. सवय जात नाही.

आपला ले-आउट साडेतीन एकरांचा, म्हणजे १४० गुंठे. त्यातले १४ ओपन स्पेस, म्हणजे सुमारे १५,२०० चौरस फूट. घरं ५६. प्रत्येक घराच्या वाट्याला या जागेतले साधारण २७० चौरस फूट येतात, एका बऱ्यापैकी खोलीएवढे.

पार्किंगसाठी अर्धी जागा घेतली तर ७,६०० चौरस फूट. एका मोटारीला उभं राहायला सुमारे १३५ चौरस फूट लागतात, आणि वळवायला, बाहेर काढायला जवळजवळ तितकीच जागा आणखी. म्हणजे २८ गाड्या. आज सोसायटीत ७१ मोटारी आहेत. बऱ्याच जणांच्या पोर्चमध्ये एक मावते, दुसरी रस्त्यावर असते. २८ गाड्यांची जागा पहिल्याच दिवशी भरेल आणि कुणाला मिळाली, कुणाला नाही, यावर पुढची दहा वर्षं सभा चालेल. मंजूर नकाशात खुली ठेवलेली जागा पार्किंगला वळवणं नियमात बसतं का, हा प्रश्न वेगळाच. तो ठरावाआधी नगररचना विभागाला लेखी विचारावा.

जमेच्या बाजूलाही काही आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, निम्मं गाव पाण्यात होतं. त्या आठवड्यात गावभागातले आपले नातेवाईक इथे आले. आपल्या मोकळ्या जागेवर मांडव पडला, एकत्र स्वयंपाक झाला. २०२० च्या टाळेबंदीत बागा बंद होत्या. तेव्हा आपल्यातल्या ज्येष्ठांनी पाळ्या लावून, अंतर ठेवून याच जागेवर चार पावलं टाकली. दरवर्षीची कोजागरी, गणपती, तीन मुलींच्या लग्नाचे मांडव, हे सगळं याच चौदा गुंठ्यांवर झालं. कडेची चौदा कडुनिंब आणि करंज ही पहिल्या कमिटीने घरागणिक वर्गणी काढून लावलेली आहेत. उन्हाळ्यात त्यांना बादल्यांनी पाणी घालणाऱ्या वहिनींपैकी दोघी आज आपल्यात नाहीत.

म्हणून माझी सभेला विनंती अशी. पार्किंगसाठी रस्त्याच्या एका बाजूला पट्टे आखावेत आणि दुसऱ्या मोटारीवर देखभाल वर्गणी वाढवावी. ओपन स्पेसला हात लावू नये. फाटक असावं, पण दिवसा कुलूप नसावं. सकाळी साडेपाच ते साडेआठ फिरणाऱ्यांसाठी, दुपारी साडेचार ते सात मुलांसाठी, सात ते दहा महिला आणि ज्येष्ठांसाठी, रात्री दहानंतर बंद. भिंतीच्या बाजूला जाळी लावावी, म्हणजे काचांचा प्रश्न सुटेल. त्याचा खर्च मी काढला आहे. सोसायटीच्या शिल्लक निधीवरच्या एका वर्षाच्या व्याजात तो बसतो. पलीकडच्या वस्तीतल्या दोन जाणत्या माणसांना बोलावून वेळा आणि नियम सांगावेत. मी स्वतः त्यांच्याशी बोलायला तयार आहे. त्यातल्या एकाने १९८८ साली माझ्या टेबलासमोर बसून कर्ज मागितलं होतं, ओळख जुनी आहे.

साताऱ्याचा किल्ला राजाने राखला, सांगलीची आमराई संस्थानने. आपले चौदा गुंठे राखायला ५६ सभासद आहेत, आणि त्यासाठी त्यांनी सभेला यावं लागेल. गेल्या वर्षी कोरम अभावी सभा अर्धा तास तहकूब करावी लागली होती. यंदा तशी वेळ येऊ नये, एवढीच रौप्यमहोत्सवानिमित्त शुभेच्छा.